वकील-आमदाराचं चरित्र कागदांवरून कसं लिहावं

महाराष्ट्रात असा तालुका विरळाच, जिथून एखादा वकील विधिमंडळात गेला नाही. त्यांच्यावर स्मरणिका निघतात, जन्मशताब्दीला गौरवग्रंथ निघतात. त्यात हारतुऱ्यांचे फोटो असतात, आठवणी असतात, पण या माणसानं कुठल्या कायद्यातला कुठला शब्द बदलला ते शोधू गेलं तर हाती काही लागत नाही. वाईट याचं वाटतं की ही माहिती हरवलेली नसते. वकिलाचं काम कागदावर होतं, आमदाराचंही कागदावर होतं, आणि दोन्हीकडचे कागद बऱ्याच प्रमाणात टिकून असतात. ते कुठे मिळतात, कसे वाचायचे आणि कुठे फसगत होते, हे इथे क्रमानं दिलं आहे.

आधी तारखांचा तक्ता

लेखनाला हात घालण्याआधी सहा रकान्यांचा तक्ता करा: तारीख, घटना, ठिकाण, कोणता कागद, पान क्रमांक, खात्री. शेवटच्या रकान्यात तीनच शेरे ठेवा: मूळ कागद पाहिला, छापील उल्लेख आहे, फक्त ऐकीव आहे. ऐकीव नोंदी काढून टाकू नका, पण मूळ कागद सापडेपर्यंत त्यांवर परिच्छेद उभारू नका. जन्मतारखेपासूनच याची गरज पडते. शाळेच्या दाखल्यावरची तारीख, मतदार यादीतलं वय आणि घरच्यांनी सांगितलेली तिथी एकमेकींशी जुळत नाहीत, असं जुन्या पिढीबाबत सर्रास होतं. तिन्ही लिहून ठेवा आणि चरित्रात कोणती धरली ते सांगा.

सनद: वकील म्हणजे नेमकं कोण

‘ते नामांकित वकील होते’ हे वाक्य लिहिण्याआधी ते कोणत्या प्रकारचे वकील होते ते ठरवा. १९६१ चा ॲडव्होकेट्स ॲक्ट येईपर्यंत या पेशात बऱ्याच पायऱ्या होत्या. जिल्हा न्यायालयापुरती सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, असलेला प्लीडर, हायकोर्ट प्लीडर, ॲडव्होकेट, विलायतेत बार झालेला बॅरिस्टर आणि सॉलिसिटर हे सगळे वेगळे. १९३७ साली मुंबई प्रांताचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) झालेले बाळासाहेब खेर सॉलिसिटर होते. त्यांना सरसकट ‘कोर्टात गाजलेले वकील’ म्हणणं चूक, कारण सॉलिसिटरचं काम पक्षकाराचे कागद तयार करणं आणि ॲडव्होकेटला सूचना देणं. बॅरिस्टर ही पदवी असली म्हणजे वकिली केलीच असंही नाही. एलएल. बी. होऊन सनदच न घेतलेले नेतेही पुष्कळ. पदवीचं वर्ष, सनदेचं वर्ष आणि प्रत्यक्ष वकिली सुरू केल्याचं वर्ष, या तिघांना तक्त्यात तीन वेगळ्या ओळी द्या.

१९६१ नंतरची नोंद महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलच्या पटावर असते. ‘महा’, क्रमांक आणि वर्ष अशा रूपात ती वकीलपत्रावरही दिसते. जुन्या वकिलांसाठी जिल्हा वकील संघाची सभासद नोंदवही, संघाच्या सभागृहातला नामफलक आणि अध्यक्षांची यादी पाहा. फलकावर कधी कधी फक्त आडनाव आणि आद्याक्षरं असतात. एकाच घरात काका-पुतणे दोघे वकील असले की घोळ होतो, म्हणून वडिलांचं नाव जुळल्याशिवाय नोंद पक्की धरू नका.

मराठवाड्यातला वकील असेल तर १९५६ पूर्वीचा भाग हैदराबाद राज्यात मोडतो. निजामाच्या काळात तिथल्या कोर्टांची भाषा उर्दू होती आणि तारखा फसली सनात, म्हणजे महसुली कालगणनेत. फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो, पण वर्षाची सुरुवात जुळत नसल्यामुळे महिना पाहिल्याशिवाय वर्ष नक्की करता येत नाही. विदर्भासाठी १९३६ ते १९५६ या काळात नागपूर हायकोर्ट होतं. त्या निकालांसाठी मुंबईचे अहवाल उलटण्यात वेळ घालवू नका.

कोर्टातलं काम

छापील अहवालांपासून सुरुवात करा. बॉम्बे लॉ रिपोर्टर १८९९ पासूनचा आहे, आणि ऑल इंडिया रिपोर्टरचे निकाल १९१४ पासूनचे. निकालाच्या सुरुवातीला कोणत्या बाजूनं कोण वकील उभे राहिले, त्यांची नावं असतात. वरिष्ठ वकिलाच्या नावाखाली कनिष्ठाचं नाव असतं, त्यामुळे ‘हा खटला त्यांनी जिंकला’ असं लिहिण्यापूर्वी युक्तिवाद कुणी केला ते निकालाच्या मजकुरातून पडताळा.

तालुका आणि जिल्हा कोर्टातले निकाल मात्र या अहवालांत सापडणार नाहीत, आणि तालुक्याच्या वकिलाचं आयुष्य तर तिथेच गेलेलं असतं. तिथे दाव्याचा प्रकार, क्रमांक आणि वर्ष माहीत असेल तर नकलेसाठी अर्ज करता येतो. क्रमांक माहीत नसेल तर घरी ठेवलेली वकिली डायरी शोधा. तारखेच्या पानावर पक्षकाराचं नाव, दाव्याचा क्रमांक आणि पुढची तारीख लिहायची पद्धत असल्यामुळे एकेक डायरी म्हणजे वर्षभराची यादीच. जुन्या प्रकरणांतले बरेच कागद मुदतीनंतर नष्ट केले जातात. निकालपत्र आणि हुकूमनामा अधिक काळ राहतात. म्हणून साक्षीपुराव्याच्या मागे न लागता आधी निकालपत्र मागा.

किती खटले लढवले हा आकडा फारसा उपयोगाचा नसतो. खटल्यांचा प्रकार पाहा. कुळकायदा, वतन जमिनी, पाण्याचे हक्क, कामगारांचे दावे, यांतलं काय जास्त होतं? पुढे सभागृहात हाच माणूस कोणत्या विषयावर उठून बोलला ते याच्याशी ताडून पाहा. धागा जुळला तर चरित्राचा कणा मिळाला.

आमदार झाल्यावर वकिली चालू राहिली का, हेही नोंदवा. आमदार-खासदारांना वकिली करण्यास कायद्यानं बंदी नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २५ सप्टेंबर २०१८ रोजी स्पष्ट केलं. मंत्रिपद ही वेगळी बाब आहे, त्या काळात वकिली थांबवावी लागते. मंत्रिपदाच्या वर्षांत कुणाच्या नावावर कोर्टातली हजेरी दिसली, तर बहुधा नावबंधू निघतो.

निवडणुका

निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून उपलब्ध आहेत. उमेदवार, पक्ष, मतं, एकूण मतदार, सगळं त्यात मिळतं. पण केवळ सार्वत्रिक निवडणुकांचे तक्ते पाहून कारकीर्द मोजली तर चूक होते. सांगोल्याचे गणपतराव देशमुख हे पेशानं वकील आणि शेतकरी कामगार पक्षाचे नेते. ते अकरा वेळा निवडून आले. १९६२, १९६७, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४ हे विजय मोजले तर दहाच भरतात. १९७२ ला ते हरले होते आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले, तो अकरावा. १९९५ चा पराभवही नोंदवायला हवा. पराभवाची वर्षं गाळलेलं चरित्र वाचकाला लगेच कळतं.

‘देशात सर्वाधिक वेळा’ असे दावे तर अजिबात उचलू नका. तमिळनाडूचे करुणानिधी तेरा वेळा विधानसभेवर निवडून आले. केरळचे के. एम. मणी, तेही वकीलच, एकट्या पाला मतदारसंघातून तेरा वेळा जिंकले. त्यांतला १९६५ चा विजय असा, की कुणालाच बहुमत नसल्यामुळे ती विधानसभा भरलीच नाही. म्हणजे ‘निवडून आले’ आणि ‘सभागृहात बसले’ यांची बेरीज वेगळी येऊ शकते. विक्रम लिहायचाच असेल तर त्याच्या अटी सोबत लिहा: कुठल्या राज्यात, कुठल्या सभागृहात, एकाच मतदारसंघातून की अनेक.

आणखी काही ठिकाणी पाय घसरतो. १९५२ आणि १९५७ मध्ये काही मतदारसंघ द्विसदस्य होते, म्हणजे एकाच नावाखाली दोघे निवडून आलेले दिसतील आणि दोघंही खरे. १९६१ मध्ये ही पद्धत बंद झाली. मतदारसंघाचं नाव तेच राहून हद्द बदलते. २००८ च्या पुनर्रचनेनंतर २००९ ची निवडणूक नव्या हद्दींवर झाली, त्यामुळे २००४ आणि २००९ च्या मतांची थेट तुलना टाळा. विधानसभेच्या जागाही बदलत गेल्या: १९६२ ला २६४, १९६७ आणि १९७२ ला २७०, १९७८ पासून २८८. विधान परिषदेचे सदस्य या तक्त्यांत सापडत नाहीत. परिषदेच्या ७८ जागांपैकी ३० विधानसभा सदस्यांकडून, २२ स्थानिक संस्थांतून, ७ पदवीधरांतून, ७ शिक्षकांतून भरतात आणि १२ राज्यपालनियुक्त असतात. कोणत्या दारानं गेले ते लिहाच.

उमेदवाराचं शपथपत्र, म्हणजे नमुना २६, सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे आलं. त्यामुळे मालमत्ता, शिक्षण आणि प्रलंबित गुन्ह्यांची अशी नोंद महाराष्ट्र विधानसभेसाठी २००४ पासूनच मिळेल. निवडणुकीला कोर्टात आव्हान दिलं गेलं असेल तर तो निकाल जरूर मिळवा. निकालापासून ४५ दिवसांत इलेक्शन पिटिशन करावं लागतं. १९६६ पर्यंत ही प्रकरणं निवडणूक न्यायाधिकरणापुढे चालत, नंतर थेट हायकोर्टात. प्रचारात कोण काय बोललं, गाड्या किती होत्या, पत्रकं कुणी छापली, हे शपथेवर सांगितलेलं दुसरीकडे क्वचितच सापडतं.

सभागृह: इथे सर्वात जास्त वेळ द्या

एकूण वेळातला निम्मा वेळ विधिमंडळाच्या कार्यवाहीला, म्हणजे सभागृहातल्या कामकाजाच्या छापील वृत्तांताला, द्यावा. आधी सभागृह बरोबर निवडा. १९५२ ते १९५६ मध्ये परभणीचा आमदार हैदराबाद विधानसभेत होता. अमरावतीचा मध्य प्रदेशच्या, तेव्हा त्या राज्याची राजधानी नागपूर. आणि साताऱ्याचा मुंबई राज्याच्या. १९५६ नंतर द्विभाषिक मुंबई राज्य आलं, १ मे १९६० ला महाराष्ट्र. बेळगावचा भाग १९५६ ला म्हैसूर राज्यात गेला. गोवा, दमण आणि दीवची पहिली निवडणूक डिसेंबर १९६३ मध्ये झाली, तीस जागांसाठी. ‘महाराष्ट्र विधानसभेत १९५२ साली’ अशी सुरुवात झाली की पुढचं सगळंच संशयास्पद ठरतं.

कार्यवाही अधिवेशन आणि दिवसवार असते. प्रत्येक खंडाच्या सूचीत सदस्याचं नाव पाहा. सूची नसेल तर दिवसाचा कामकाजक्रम पाहून पानं गाठा. अलीकडच्या काळातली असुधारित प्रत हाती आली तर तसं नोंदवा, कारण अंतिम प्रतीत शब्द बदलतात आणि अध्यक्षांच्या आदेशानं काढून टाकलेला मजकूर नसतो. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी छापलेलं गाजलेलं वाक्य कार्यवाहीत सापडलं नाही, तर याच दोन कारणांचा विचार आधी करा.

वाचताना कामाचे प्रकार वेगळे ठेवा. तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर मिळतं आणि उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला लेखी उत्तर मिळतं. एका प्रश्नाखाली पाच-सहा नावं असू शकतात, म्हणून कुणी उठून उपप्रश्न विचारला ते पाहा. वकिलाची उलटतपासणी तिथे दिसते. मंत्र्यानं आश्वासन दिलं असेल तर धागा आश्वासन समितीच्या अहवालापर्यंत न्या. त्याखेरीज लक्षवेधी सूचना, स्थगन प्रस्ताव, कपात सूचना, हरकतीचा मुद्दा, अशासकीय (म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचा) ठराव यांची प्रत्येकी वेगळी यादी करा. हरकतीच्या मुद्द्यांची यादी वकील-आमदाराबाबत विशेष बोलकी असते, कारण नियमांचं पुस्तक हातात धरून भांडण्याची सवय तिथेच उमटते.

आता विधेयकं. बहुतेक कायदे मंत्री मांडतात, त्यामुळे साध्या आमदाराचं योगदान दुरुस्ती सूचनांत शोधावं लागतं. त्यासाठी तीन मजकूर मिळवा: राजपत्रात प्रसिद्ध झालेलं मूळ विधेयक, संयुक्त समितीच्या अहवालासोबतचं विधेयक आणि मंजूर झालेला कायदा. तिन्ही शेजारी ठेवून ओळीनं ताडा. जिथे शब्द बदललाय तिथे त्या खंडावरची चर्चा उघडा आणि दुरुस्ती कुणाची होती ते पाहा. समितीच्या अहवालाला जोडलेली भिन्नमतपत्रिका तर कधीच सोडू नका. त्यातली भाषा सदस्याची स्वतःची असते. लिहिताना लक्षात ठेवा: विधेयकात ‘खंड’ असतात, कायदा झाल्यावर त्यांची ‘कलमं’ होतात.

क्रियापदांत सर्वात जास्त चुका होतात. विधेयक ‘मांडलं’, त्याला ‘पाठिंबा दिला’, ‘दुरुस्ती सुचवली’, ‘मंजूर करून घेतलं’ ही चार वेगळी कामं आहेत. डॉ. आंबेडकर १९२३ पासून मुंबई हायकोर्टात वकिली करत होते आणि १९२७ पासून मुंबई कायदे मंडळात नियुक्त सदस्य होते. १९२८ साली प्रसूती-लाभाच्या विधेयकावर त्यांनी पाठिंब्याचं भाषण केलं. ते विधेयक त्यांनी मांडलं, असं अनेक ठिकाणी छापलं जातं. खोती, म्हणजे कोकणातली खोतांची जमीन-महसूल पद्धत, नष्ट करण्याचं विधेयक मात्र त्यांनी स्वतः मांडलं, १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत. ते मंजूर झालं नाही. खोती रद्द झाली ती पुढे १९४९ च्या कायद्यानं. तीन वेगवेगळी वाक्यं लिहिली की खरं चित्र उभं राहतं आणि आंबेडकरांचं काम कणभरही कमी होत नाही. त्यांची या सभागृहांतली भाषणं महाराष्ट्र शासनानं छापलेल्या लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात एकत्र आहेत. विधिमंडळातलं काम कसं वाचावं याचा सराव करायला त्याहून चांगली जागा नाही.

मंजूर न झालेलं विधेयक गाळू नका. वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै राजापूरचे खासदार. गोलकनाथ खटल्याचा निकाल २७ फेब्रुवारी १९६७ चा. मूलभूत हक्कांत बदल करण्याचा संसदेचा अधिकार त्यानं नाकारला. तो अधिकार परत मिळावा म्हणून नाथ पैंनी त्याच वर्षी अशासकीय घटनादुरुस्ती विधेयक आणलं. ते संयुक्त समितीकडे गेलं, त्यावर देशभर वाद झाला, पण मंजूर झालं नाही. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस २४ व्या घटनादुरुस्तीनं तोच अधिकार संसदेला दिला. ‘विधेयक बारगळलं’ एवढंच लिहून पान उलटलं तर हा सगळा पट निसटतो. उलट टोकाचं उदाहरण आनंद नारायण मुल्लांचं. अलाहाबाद हायकोर्टाचे हे माजी न्यायाधीश लोकसभेत अपक्ष होते. खालच्या कोर्टानं सोडलेल्या माणसाला हायकोर्टानं जन्मठेप किंवा दहा वर्षं वा जास्त शिक्षा दिली, तर त्याला सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क असावा, हे त्यांचं अशासकीय विधेयक १९७० मध्ये कायदा झालं. त्यानंतर संसदेत एकही अशासकीय विधेयक कायदा झालेलं नाही. तेव्हा एखाद्या आमदारानं ‘अनेक अशासकीय विधेयकं मंजूर करून घेतली’ असं कुणी सांगितलं, तर कायद्याचा क्रमांक मागा.

क्रमांकातही एक खाच आहे. कायद्याच्या नावातलं वर्ष आणि क्रमांकाचं वर्ष वेगळं असू शकतं, कारण मंजुरी आणि संमती यांत महिने जातात. मुंबई खोती नष्ट करण्याचा कायदा नावानं १९४९ चा, पण क्रमांक १९५० चा सहावा. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम नावानं १९७७ चा, क्रमांक १९७८ चा विसावा, आणि अंमलात आला २६ जानेवारी १९७९ ला. तिन्ही तारखा द्या.

मतदानाबाबत: आवाजी मतदानात कोण कुठल्या बाजूनं होतं याची नावानिशी नोंद नसते. मतविभागणी झाली असेल तरच ‘त्यांनी विरोधात मत दिलं’ लिहा. सभात्याग केला असेल तर त्यांनी मत दिलेलंच नसतं.

माणूस अध्यक्ष किंवा सभापती झाला असेल तर पद्धत बदलावी लागते, कारण आसनावरून भाषणं होत नाहीत. अहमदाबादेत वकिली केलेले दादासाहेब मावळंकर १९३७ ते १९४६ मुंबई विधानसभेचे अध्यक्ष आणि १९५२ पासून पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष होते. त्यांचं काम शोधायचं ते आसनावरून दिलेल्या निर्णयांत. विधानसभेचा अध्यक्ष आणि परिषदेचा सभापती, यांची अदलाबदल करू नका.

मतदारसंघ आणि माहिती अधिकार

आमदार स्थानिक विकास कार्यक्रमातल्या कामांची यादी जिल्हा नियोजन अधिकाऱ्याकडे मिळते. अर्ज माहिती अधिकाराखाली करा: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांत. उत्तराची मुदत ३० दिवस, प्रत पानाला २ रुपये. उत्तर आलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपये. ‘संपूर्ण माहिती द्यावी’ असं लिहिलं की अर्ज अडकतो; वर्ष, तालुका आणि योजना लिहा.

मुलाखती शेवटी

कागद वाचून झाल्यावरच माणसांकडे जा. आधी गेलात तर ऐकलेली गोष्ट डोक्यात बसते आणि कागद तसाच वाचला जातो. घरच्यांइतकेच महत्त्वाचे म्हणजे वकिलीतला कारकून, टंकलेखक, ज्युनिअर म्हणून काम केलेले वकील आणि आमदारकीतला स्वीय सहायक. प्रश्न कागदावरूनच काढा: ‘या तारखेला ते अधिवेशन सोडून गावी का आले होते?’ ‘मोठे होते का हो?’ असं विचारलं की ‘हो’ एवढंच मिळतं. विरोधात लढलेल्या उमेदवाराच्या घरीही जा. निघताना डायऱ्या, कात्रणांच्या वह्या आणि पत्रव्यवहार कुठे आहे ते विचारा; मूळ कागद नेऊ नका, तिथेच फोटो काढा आणि प्रत्येक फोटोला त्याच दिवशी नाव द्या.

गुन्हे किंवा खटले असतील तर शेवटचा निकाल काय लागला ते लिहिल्याशिवाय आरोप छापू नका. गुन्हा नोंदवला गेला आणि निर्दोष सुटका झाली, तर दोन्ही एकाच वाक्यात यावं. माणूस हयात नसला तरी त्याच्यावरचा खोटा मजकूर कुटुंबीयांना दुखावण्यासाठी लिहिला असेल तर बदनामीचा गुन्हा होऊ शकतो.

मसुदा झाला की तो दोघांना वाचायला द्या: एक कोर्टात काम करणारा, दुसरा विधिमंडळाची कार्यवाही वाचण्याची सवय असलेला. पहिल्याला फक्त सनद आणि खटल्यांची पानं, दुसऱ्याला फक्त सभागृहाची. दोघांनाही सहा रकान्यांचा तक्ता सोबत द्या आणि ‘ऐकीव’ शेरा असलेल्या ओळींवर आधी खूण करायला सांगा.